इंजिनाचे पाणी

अंबरनाथजवळ काकोळे गावी एक जुना बांध आहे. लोक त्याला ‘जीआयपी धरण’ म्हणतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी वालधुनी नदीचे पाणी येथे अडवले. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या शहरांचा इतिहास जमवताना मी आधी कारखान्यांच्या याद्या करीत होतो. या बांधावर उभा राहिलो आणि वाटले, आपण पाण्याच्या मागे जायला हवे.

रेल्वे १ मे १८५४ रोजी कल्याणला आणि १२ मे १८५६ रोजी खोपोलीला पोचली. अंबरनाथ, बदलापूर वाटेत आले. पण ओढ बोरघाटापलीकडच्या देशावरच्या मालाची होती. गाडी येथून जात होती, येथल्यांसाठी येत नव्हती.

१९२२ साली सरकारने परदेशी काडेपेट्यांवर ग्रोसमागे दीड रुपया जकात बसवली. बाहेरून माल आणणे परवडेना, तेव्हा स्वीडिश कंपनीने इथेच उत्पादन करायचे ठरवले. १९२३ साली ‘विमको’ स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा कारखाना आला. रूळ होते, पाणी होते, मुंबई बंदर जवळ होते. माझे वडील तेथे कामाला होते. त्यांच्या सदऱ्याला काडीच्या गुलाचा वास यायचा. शेतावरच्या माणसाला भोंग्यावर उठायची सवय लागली ती तेव्हापासून.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले. सैनिकांसाठी बांधलेल्या खोल्यांत गोणपाटाचे पडदे लावून संसार उभे राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी छावणीचे ‘उल्हासनगर’ झाले. पत्त्यात मात्र ‘कॅम्प नंबर’ अजून आहे.

१९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९७२ साली त्याचे बारवी धरण बदलापूरजवळ उभे राहिले. ते उद्योगांसाठी होते. पुढे तेच पाणी शहरांच्या नळांना आले. त्यासाठी शेतकऱ्यांची, आदिवासींची गावे उठली. उंची वाढवली तेव्हा पुन्हा उठली. नळाखाली हंडा लावणाऱ्याला त्या गावांची नावे ठाऊक नसतात. मलाही पन्नाशीपर्यंत नव्हती.

म्हणजे सोय आधी इंजिनाची, मग सैन्याची, मग यंत्रांची झाली. माणसे मागून आली आणि उरलेल्या सोयीत राहिली. सांडपाण्याचा विचार तर त्याहूनही मागे राहिला.

गेल्या हिवाळ्यात मी वालधुनीच्या काठाने काकोळ्यापासून कल्याणपर्यंत चाललो. बांधात पाणी नितळ होते. शके ९८२ मधल्या शिवमंदिराच्या कडेने ती उल्हासनगरात शिरते, तोवर तिचा नाला झालेला असतो. २०१४ साली तिच्यात ओतलेल्या रसायनाच्या वाफांनी काठावरच्या माणसांना इस्पितळात जावे लागले होते. कल्याणच्या पुलावर एका म्हाताऱ्या बाईंना मी विचारले, “आजी, ही कुठली नदी?”

त्या म्हणाल्या, “नदी कुठली रे बाबा? नाला आहे तो.”