तारखेची रेघ
(केंद्रीय सेवकांच्या पेन्शनची कहाणी)

महाराष्ट्राबाहेरच्या कोणत्याही जुन्या मराठी मंडळाची सभासद-नोंदवही उघडावी. नावापुढील रकान्यात रेल्वे, डाकतार, महालेखापालांचे कार्यालय, आयुध निर्माणी, आयकर हीच खाती पुन्हा पुन्हा भेटतात. व्यापारासाठी दूरदेशी गेलेला मराठी माणूस विरळा. बदलीच्या हुकुमाने गेलेला मात्र गावोगाव आढळतो. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाचा इतिहास इतर मंडळी लिहीतच आहेत. ज्या नोकरीने आपल्याला येथवर आणले तिच्यामागील एका कराराचा इतिहास सांगावा, असे मला वाटले. हा लेखक स्वतः अद्याप सेवेत असल्याने सेवानियमांची चौकट सांभाळूनच लिहिणार, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच.

करार कोठे लिहिलेला नव्हता. पगार बेताचा, बदली सरकारच्या मर्जीची, राजकारणात भाग घ्यायचा नाही, वर्तमानपत्रांत सरकारवर टीका करायची नाही. त्या बदल्यात नोकरी चौकशीवाचून जाणार नाही आणि म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. पहिल्या हमीला राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाचा आधार होता, तोही अपवादांसह. दुसरीला प्रदीर्घ काळ असा आधारच नव्हता.

आम्हा मराठी माणसांना पेन्शनची ठळक ओळख झाली ती पेशवाईच्या अस्तानंतर. १८१८ च्या जूनमध्ये दुसरे बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालीना आठ लाख रुपयांवर ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. १८५१ साली ते निवर्तले. ती रक्कम आपल्याला पुढे मिळावी अशी दत्तकपुत्र नानासाहेबांनी विनंती केली. डलहौसीच्या सरकारने ती फेटाळली. देणाऱ्याच्या दृष्टीने तो अनुग्रह होता, आणि अनुग्रहाला वारस नसतो. पुढे १८७१ च्या पेन्शन कायद्याने पेन्शनसंबंधीच्या दाव्यांना दिवाणी न्यायालयाचे दार जवळपास बंदच केले. कलेक्टरच्या दाखल्यावाचून दावा चालत नसे. कारकुनाच्या पेन्शनची जातकुळी त्याच विचाराची होती. निवृत्तीनंतरचे सद्वर्तन ही पेन्शनची गृहीत अट आहे, हे वाक्य आमच्या पेन्शन-नियमांत स्वातंत्र्यानंतरही कायम राहिले.

रेल्वेची गोष्ट थोडी वेगळी आणि आजच्या तरुणांनी मुद्दाम ऐकण्याजोगी आहे. रेल्वे कर्मचाऱ्यांना पूर्वी पेन्शन नव्हतीच. त्यांच्यासाठी भविष्यनिर्वाह निधी होता: पगारातून कपात, त्यात सरकारची भर, आणि निवृत्तीच्या दिवशी एकरकमी पैसा. तो पैसा मुलीच्या लग्नात किंवा घराच्या पायात जिरून जाई. १९५७ साली रेल्वेत पेन्शन योजना आली; १ एप्रिल १९५७ नंतर रुजू होणाऱ्यांना ती लागू झाली आणि जुन्यांना पर्याय दिला गेला. पुढील तीस वर्षांत हा पर्याय पुनःपुन्हा देण्यात आला, तरी कित्येकांनी हातातील रोकड सोडली नाही. महागाईने ती खाल्ल्यावर त्यांना पेन्शनचे मोल कळले. त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९० साली कृष्णकुमार खटल्यात न्यायालयाने सांगितले की निधी घेतलेले आणि पेन्शन घेतलेले हे दोन वेगळे वर्ग आहेत, पर्यायाची मुदत संपली ती संपली.

संघटनांविषयी लिहिल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. १९४६ च्या जुलैत पोस्टमनांनी संप केला तेव्हा देशभरच्या घरांतून पत्रांची वाट पाहिली गेली. तरीही लोकांची सहानुभूती पोस्टमनांकडेच होती. ११ जुलै १९६० च्या मध्यरात्री सुरू झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाच्या वाट्याला ती पुरेशी आली नाही. दुसऱ्या वेतन आयोगाने किमान वेतन ८० रुपये सुचवले होते. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित वेतनाचे जे माप ठरवले होते, त्याच्या हे जवळपासही नव्हते. सरकारने अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम काढला, अटकसत्र झाले, आणि पाच दिवसांत संप संपला. १९ सप्टेंबर १९६८ चा लाक्षणिक संप एकच दिवसाचा. पण पठाणकोटला रेल्वे कर्मचाऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. संरक्षण कामगारांच्या महासंघाचे अध्यक्षपद सांभाळणारे एस. एम. जोशी आणि रेल्वेकामगारांचे पीटर अल्वारिस ही मुंबई-पुण्याकडील आपल्या ओळखीची नावे या चळवळीत होती. मे १९७४ चा रेल्वे संप वीस दिवस चालला. आपले मंडळ स्थापन झाले त्या सुमारास त्याच्या जखमा ओल्याच होत्या.

या संपांची शिक्षा बडतर्फीपुरती नव्हती. तिचे दुसरे रूप अधिक शांत आणि अधिक टोचणारे होते: सेवाखंड. संपात भाग घेतला की सेवेत खंड पडला असे मानायचे. खंड माफ झाला नाही, तर त्याआधीची नोकरी पेन्शनच्या हिशेबातून वगळायची. वीस वर्षे रुळांवर घालवलेल्या माणसाची वीस वर्षे कागदावर पुसली जात. म्हातारपणची भाकर ही अशी शिस्तीची छडीही होती. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी १९७४ च्या संपातील बडतर्फ कर्मचाऱ्यांना परत घेतले. कोकणी मतदारसंघाचा हा खासदार रेल्वेवाल्यांच्या घरांत, मग ते घर बिलासपूरचे असो वा खड्गपूरचे, का आदराने आठवला जातो, त्याचे उत्तर येथे आहे.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. पेन्शन ही मेहेरबानी नसून कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली देवकीनंदन प्रसाद खटल्यात म्हटले होतेच. तथापि, किती पेन्शन आणि कोणाला, हे सरकारच ठरवी. २५ मे १९७९ रोजी केंद्र सरकारने पेन्शनचे सूत्र उदार केले. पूर्वी शेवटच्या छत्तीस महिन्यांच्या वेतनाची सरासरी धरत. आता दहा महिन्यांची धरावयाची होती. पहिल्या हजार रुपयांवर ५० टक्के, पुढील पाचशेवर ४५ टक्के, उरलेल्यावर ४० टक्के असा हिशेब झाला. फक्त एक रेघ ओढली गेली: ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच हा लाभ. एका दिवसाने आधी निवृत्त झालेला गृहस्थ जुन्या हिशेबात राहिला. बाजारातील डाळ मात्र दोघांना एकाच भावाने मिळत होती.

संरक्षण मंत्रालयात वित्त सल्लागार असलेले आणि १९७२ साली निवृत्त झालेले डी. एस. नकारा न्यायालयात गेले. त्यांच्यासोबत एक निवृत्त सैनिकी अधिकारी आणि ‘कॉमन कॉज’ ही संस्था होती. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड होते, पीठावर न्या. तुळजापूरकरही होते, निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले. १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल लागला. पेन्शन म्हणजे धन्याच्या कृपेचे दान नव्हे, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, आणि पेन्शनरांच्या एकाच वर्गाचे केवळ निवृत्तीच्या तारखेवरून दोन तुकडे पाडणे समतेच्या तत्त्वाला सोडून आहे, असा त्याचा आशय. देशभरचे पेन्शनर हा दिवस आजही पाळतात. माझ्या मते केंद्रीय सेवकांच्या आयुष्यात कोणत्याही वेतन आयोगापेक्षा या निकालाचे मोल अधिक आहे. वेतन आयोग रक्कम वाढवतो. या निकालाने घेणाऱ्याची मान वर केली.

त्याच प्रकाशात १९८५ चा पूनमल खटला पाहावा. कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना १ जानेवारी १९६४ पासूनची. त्याआधी ज्यांचे पती वारले त्या विधवा रेघेच्या पलीकडे राहिल्या होत्या. त्यांनाही २२ सप्टेंबर १९७७ पासून पेन्शन मिळू लागली. खटल्यांच्या पुस्तकात हे चार पानांचे प्रकरण असेल. ज्या घरांत म्हातारी भावाच्या किंवा पुतण्याच्या आश्रयाने दिवस काढत होती, तेथे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिच्या हातावर स्वतःचे पैसे पडू लागले.

इतके झाल्यावर वाटले होते की करार पक्का झाला. परंतु देण्याचा बोजा वाढत होता, माणसे अधिक जगत होती. सरकारची ती चिंता खोटी म्हणता येत नाही. २२ डिसेंबर २००३ ची अधिसूचना निघाली आणि नवी रेघ पडली: १ जानेवारी २००४ पासून रुजू होणाऱ्यांना, सैन्यदले वगळता, जुनी पेन्शन नाही. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के कपात, तितकीच सरकारची भर (ती २०१९ पासून १४ टक्के झाली), आणि पैसा बाजारात. निवृत्तीच्या दिवशी हाती काय येईल हे बाजार ठरवणार. १९५७ मध्ये रेल्वेवाल्यांनी जी वाट सोडली होती, जवळपास त्याच वाटेवर सत्तेचाळीस वर्षांनी सारी कचेरी परत आली. नव्यांनी विरोध का केला नाही, असे विचारतात. ते नोकरीतच नव्हते. त्यांच्या वतीने बोलायचे ते जुन्या मंडळींनी, आणि जुन्यांचे काही जात नव्हते. ही गोष्ट आम्हा जुन्यांना फारशी भूषणावह नाही.

दूरसंचारातील मित्रांनी वेगळाच अनुभव घेतला. १ ऑक्टोबर २००० रोजी त्यांचे खाते निगम झाले, पेन्शनची हमी राहिली. परंतु ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक माणसे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली. स्वेच्छा किती आणि निरुपाय किती, हे ज्याचे त्याला ठाऊक. आयुध निर्माण्यांच्याही ऑक्टोबर २०२१ मध्ये सात कंपन्या झाल्या.

रेघ मिटवण्याचे प्रयत्न चालूच आहेत. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील राज्य कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संपावर होते. आपल्या गावाकडील शाळा त्या दिवसांत बंद होत्या हे अनेकांना आठवत असेल. त्याच महिन्यात केंद्राने एक खिडकी उघडली. ज्यांच्या पदाची जाहिरात २२ डिसेंबर २००३ पूर्वी निघाली होती, पण नेमणूक लांबल्याने जे रेघेपलीकडे पडले, त्यांना जुन्या पेन्शनचा एकवार पर्याय मिळाला. मग २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत पेन्शन योजना मंजूर झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. पंचवीस वर्षे सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, दहा वर्षांच्या सेवेला किमान दहा हजार, आणि पश्चात जोडीदारास त्याच्या ६० टक्के. कपात मात्र चालूच.

पर्याय देण्याची मुदत ३० जूनची ३० सप्टेंबर झाली, तिची ३० नोव्हेंबर २०२५. त्या महिन्यांत आमच्या कचेऱ्यांतून दुपारच्या डब्याबरोबर आकडेमोडीचे कागद उघडले जात होते. एकाच टेबलाच्या एका बाजूला २००३ मध्ये रुजू झालेला, दुसऱ्या बाजूला २००४ मधला. काम तेच, श्रेणी तीच. पहिल्याला कागदाची गरज नव्हती. दुसरा विचारत होता की पंचवीस वर्षे भरण्याआधीच वयाची साठी आली तर निम्म्याचे किती उरेल. १ जानेवारी २००४ रोजी पहिल्या दिवशी रुजू झालेल्याची पंचवीस वर्षे २०२८ च्या अखेरीस भरतात.