वेल्डिंग ब्लँकेट काय आहे? ठिणग्या अडवणारं हे कापड कुठे उपयोगी पडतं आणि कुठे नाही?

परभणी जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे कापूस बाजारात येऊ लागतो आणि त्याच सुमारास ऊसतोडही सुरू होते. मानवत, सेलू, पाथरी, गंगाखेड भागात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि टेम्पो यांची खरी झीज याच महिन्यांत होते. ट्रॉलीचा फाळका निखळतो, हुक तुटतो, चॅसीला तडा जातो. गाडी उभी ठेवायला कोणालाच वेळ नसतो. मग रस्त्याकडेच्या दुकानात, कधी थेट जिनिंगच्या आवारातच वेल्डिंग उरकलं जातं. ट्रॉलीच्या फटींत त्या वेळी कापसाचे पुंजके अडकलेले असतात.

अशा कामात आजूबाजूच्या वस्तूंवर टाकायचं कापड म्हणजे वेल्डिंग ब्लँकेट. नाव ब्लँकेट असलं तरी ते काचेच्या तंतूंपासून किंवा सिलिकाच्या धाग्यांपासून विणलेलं असतं.

वेल्डिंगची ठिणगी दिसायला फुलबाजीसारखी असली तरी तो वितळलेल्या लोखंडाचा थेंब असतो. पोलाद साधारण १,५०० अंश सेल्सियसला वितळतं, तर कापूस पेट घ्यायला सुमारे ४०० अंश पुरतात. हे थेंब जमिनीवर आपटून घरंगळतात, फटीत शिरतात, वाऱ्याबरोबर जातात. अमेरिकेतल्या सुरक्षा नियमांत वेल्डिंगच्या जागेपासून ३५ फूट, म्हणजे जवळपास ११ मीटरपर्यंत जळाऊ वस्तू नको, असं सांगितलं आहे. ती हलवणं शक्य नसेल तरच झाकायची. भारतातही वेल्डिंग आणि कटिंग करताना आगीची खबरदारी कशी घ्यावी यासाठी आयएस ३०१६ हे भारतीय मानक आहे. गॅस कटर वापरताना तर अंतर जास्तच ठेवावं लागतं, कारण त्यात वितळलेलं लोखंड जोरात फेकलं जातं.

ओलं बारदान चालतं का?

गावाकडे ब्लँकेटची जागा ओल्या बारदानाने घेतलेली असते. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण त्याचा भरवसा पाणी असेपर्यंतच. एप्रिल-मेच्या उन्हात पोतं बघता बघता सुकतं आणि सुकलेला ताग स्वतःच पेटतो. शिवाय विजेच्या वेल्डिंगजवळ पाणी सांडलेलं असेल, तर शॉक बसण्याचा धोका वाढतो. प्लास्टिकचं खताचं पोतं मात्र कधीच वापरू नये. ते साधारण १६० अंशांनाच वितळतं आणि वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटतं.

घ्यायचं कोणतं?

दुकानात सगळीच ब्लँकेटं ‘फायरप्रूफ’ म्हणून विकली जातात. साध्या काचतंतूचं कापड सुमारे ५५० अंशांपर्यंतची सततची उष्णता सोसतं. सिलिकाचं कापड १,००० अंशांच्या आसपास टिकतं, पण ते महाग असतं. सिलिकॉनचा लेप दिलेलं कापड तेल-पाणी शोषत नाही, हाताला कमी खाजतं. लेप मात्र २६० अंशांच्या पुढे सतत तापला तर टिकत नाही.

मग १,५०० अंशांचा थेंब ५५० अंशांच्या कापडाने कसा अडतो? थेंब लहान असतो. उभ्या टांगलेल्या कापडाला तो क्षणभर लागतो आणि खाली ओघळतो, तेवढ्यात निवतो. तेच कापड आडवं अंथरलं तर थेंब एकाच जागी बसून राहतो आणि भोक पाडतो. त्यामुळे पडद्यासारखं टांगायला पातळ कापड चालतं, पण थेट कामाखाली अंथरायला जाड सिलिकाचंच हवं. अंथरताना चुण्या ठेवू नयेत, चुणीत थेंब साठतात. स्वयंपाकघरात भिंतीला लावायचं लहान फायर ब्लँकेट हे वेगळं साधन आहे. ते पेटलेली कढई झाकून विझवण्यासाठी असतं, तासभर ठिणग्या झेलण्यासाठी नाही.

गाडीवर काम करताना

पत्र्याचं काम असेल तर सीटचा फोम, छताचं अस्तर, डॅशबोर्ड, वायरिंग आणि रबरी पाइप आधी झाकावे लागतात. काचही झाकायला हवी, नाहीतर गरम थेंब तिच्यात रुतून कायमचे खड्डे पडतात. पत्र्याच्या मागची बाजू अनेकदा विसरली जाते. बाहेरून वेल्डिंग चालू असताना आतलं अस्तर धुमसत असतं आणि ते कोणालाच दिसत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी आणि अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या जवळच लावावा.

पेट्रोल-डिझेलची टाकी आणि सीएनजीचा सिलिंडर यांच्याबाबतीत ब्लँकेटवर विसंबणं धोक्याचं आहे. कापड थेंब अडवतं, पण वाफ अडवत नाही. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत इंधनाची वाफ आणि हवा मिसळलेली असते. अशा जागी ते भाग सोडवून लांब ठेवायचे किंवा काम तिथे करायचंच नाही.

ब्लँकेटचा एक उपयोग कमी लोकांना माहीत असतो. ट्रॅक्टरचं बिडाचं हाऊसिंग वेल्ड केल्यावर ते लवकर थंड झालं की पुन्हा तडकतं. जुने कारागीर ते राखेत किंवा चुन्यात पुरून ठेवतात. जाड ब्लँकेटात गुंडाळलं तरी तेच साधतं, बीड सावकाश निवतं.

काम संपल्यावर

कापूस नेहमी लगेच भडकत नाही. ठिणगी पुंजक्यात शिरली की तो आतल्या आत धुमसतो आणि गठाणीच्या पोटात तर आग तासन्‌तास दडून राहू शकते. सावरीच्या जातीचा कापूसही धोक्याचाच. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्क बंदरात ‘नॉर्मंडी’ हे महाकाय प्रवासी जहाज युद्धासाठी बदललं जात होतं. लोखंडी खांब कापताना ठिणग्या कापोक, म्हणजे सावरीसारख्या झाडाचा कापूस भरलेल्या लाइफ जॅकेटांच्या ढिगावर पडल्या. आग आवरली नाही, विझवायला मारलेल्या पाण्याच्या भाराने जहाज कलंडलं आणि पुन्हा कधीच प्रवासाला निघालं नाही. अलीकडचं उदाहरण पुण्यातलं आहे. २१ जानेवारी २०२१ रोजी सीरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत आग लागून ५ कामगारांचा मृत्यू झाला, तेव्हाही पहिला संशय वेल्डिंगवरच व्यक्त झाला होता.

म्हणून ब्लँकेट काढल्यावरही एक माणूस तिथे थांबणं गरजेचं असतं. अमेरिकेच्या एनएफपीए ५१बी या मानकात ही वेळ आधी ३० मिनिटं होती, ती २०१९ च्या आवृत्तीत ६० मिनिटं करण्यात आली. पाण्याची बादली, वाळू किंवा अग्निशामक हाताशी हवा. दुरुस्त झालेली ट्रॉली त्या तासात कापसाच्या ढिगाजवळ लावू नये आणि तिच्यात माल भरू नये.

ब्लँकेट घडी घालण्याआधी मोकळ्या जागेत निवू द्यावं. तेल-ग्रीस लागलेलं कापड वापरू नये, तेलच पेट घेतं. भोकं पडलेलं, तंतू सुटू लागलेलं कापड बदलावं. काचेचे तंतू कातडीला खाज आणतात, त्यामुळे ते हातमोजे घालून हाताळावं. अंगावर पांघरायचं तर ते मुळीच नाही. त्यासाठी चामड्याचा एप्रन असतो. आणि गॅरेजच्या कोपऱ्यात जुनं, पांढुरकं, भुरभुरणारं ॲस्बेस्टॉसचं कापड पडलेलं असेल तर ते झटकू नये. त्याची धूळ फुप्फुसात गेली की कॅन्सरचा धोका असतो.