संकटकाळाची शिदोरी : आमगाव परिसरातील वाळविलेल्या अन्नाच्या साठवणीचा इतिहास

प्रस्तावना

आपत्तीच्या काळासाठी अन्न साठवून ठेवावे, हा विचार आज आपणासमोर झटपट नूडल्सच्या पाकिटांच्या रूपाने येतो. जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी 1958 मध्ये तळून वाळविलेल्या नूडल्स बाजारात आणल्या आणि पुढे 1980 च्या दशकात मॅगीच्या रूपाने हा पदार्थ भारतीय घरांत शिरला. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जाहीर होताच अनेक कुटुंबांनी अशीच पाकिटे घरात भरून ठेवली. परंतु पाणी काढून टाकले म्हणजे अन्न टिकते, हे ज्ञान आपल्या ग्रामीण समाजाला फार पूर्वीपासून अवगत होते. प्रस्तुत लेखात आमगाव व सभोवतालच्या धानपट्ट्यातील या साठवणीचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. साठवण ही केवळ पाककौशल्याची बाब नसून ती हक्काचीही बाब आहे, हे दाखविणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

पारंपरिक साठवणीचे स्वरूप

आमगाव हा आजच्या गोंदिया जिल्ह्यातील तालुका असून 1 मे 1999 पूर्वी हा प्रदेश भंडारा जिल्ह्याचा भाग होता. भरपूर पाऊस, मालगुजारी तलाव आणि धानाचे एकच मुख्य पीक ही या प्रदेशाची वैशिष्ट्ये होत. सोलापूर-मराठवाड्याकडे ज्वारी जमिनीतील पेवात साठविली जाई. येथील ओलसर जमिनीत ते शक्य नव्हते. त्यामुळे बांबूच्या तट्ट्यांना शेणमातीने लिंपून तयार केलेल्या ढोलीत वा कोठीत धान ठेवले जाई. तांदूळ न करता धानच ठेवण्यामागे अनुभव होता. टरफल शाबूत असले की दाण्याला कीड लवकर लागत नाही. त्यातून गरजेपुरते कांडून तांदूळ, पोहे वा मुरमुरे केले जात.

याच्या जोडीला स्त्रियांचे वाळवण होते. उन्हाळ्याच्या कडक उन्हात वड्या, सांडगे, पापड, कुरड्या, शेवया तयार होत. रानभाज्या आणि तलावातील मासळीही वाळवून ठेवली जाई. मृगाच्या पावसापासून नवे धान हाती येईपर्यंतचे महिने हे उपासमारीचे महिने असत आणि वाळवणाचा खरा उपयोग तेव्हाच होई. म्हणजेच ज्याला आज आपण आपत्ती-सज्जता म्हणतो, ती येथे दरवर्षीची रीत होती.

या साठवणीत मोहफुलांचे स्थान विशेष आहे. मार्च-एप्रिलमध्ये गळणारी ही फुले वेचून उन्हात वाळविली की बराच काळ टिकतात. त्यांत साखरेचे प्रमाण मोठे असल्याने ती पोटाला आधार देतात. गोंड व अन्य वनाश्रित समाजांत ती भाजून, शिजवून, पिठात मिसळून खाल्ली जात. पाऊस हुकला, धान बुडाले, तरी मोह सहसा फुलतो. म्हणूनच तो दुष्काळाचा सोबती ठरला.

1896 ते 1900 : साठवणीची कसोटी

1896 मध्ये पाऊस वेळेआधीच थांबला आणि मध्य प्रांतातील धान उभ्या शेतात करपले. त्यातून सावरण्यापूर्वीच 1899 चा पाऊसही फसला. 1891 मध्ये भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 7 लाख 43 हजार होती. 1901 मध्ये ती सुमारे 6 लाख 63 हजार झाली. दहा वर्षांत झालेली ही सुमारे 11 टक्क्यांची घट मृत्यू, स्थलांतर आणि रोगराई यांचा एकत्रित परिणाम होती.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. साठवणीची एवढी जुनी परंपरा असताना ही वेळ का आली? याचे एक कारण सलग संकटांत सापडते. एका वर्षाची ढोली एकच वर्ष तारू शकते. दुसरे कारण बाजाराच्या बदलत्या स्वरूपात आहे. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली, पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेकडे आली आणि आमगाव त्या मार्गावरील स्थानक झाले. रेल्वेने दुष्काळात धान्य आणणे शक्य झाले, हे नाकारता येत नाही. परंतु त्याच रुळांवरून सुगीचे धान्यही बाहेर जाऊ लागले. सारा आणि सावकाराचे देणे रोखीत भागवायचे असल्याने लहान शेतकऱ्याला धान साठविण्यापेक्षा विकणे भाग पडे. ज्याच्या हाती जमीन नव्हती, त्याच्या घरी तर ढोलीच नव्हती. अशा कुटुंबांना जंगलाचाच आधार होता.

कायदा आणि मोहफूल

शासनाच्या दृष्टीने मात्र मोहफूल हे प्रामुख्याने दारूचा कच्चा माल होते. मुंबई प्रांतात 1892 च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्या साठवणीवर निर्बंध आले. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 मध्येही मोहफुलांच्या संकलन, वाहतूक व साठ्यावर नियंत्रण राहिले. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आल्यानंतर हा अधिनियम येथेही लागू झाला. दुसरीकडे, 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासी समाजाची मालकी मान्य केली. एका कायद्याने ज्याची मालकी दिली, त्याचा घरातील साठा दुसऱ्या कायद्याने संशयास्पद ठरविला, अशी ही विसंगती होती. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये हे निर्बंध दूर केले, तोवर विदर्भात त्यांना सहा दशके लोटली होती.

शासकीय साठवणीचा प्रवासही लक्षणीय आहे. पावसाळ्यातील उपासमार टाळण्यासाठी आदिवासी कुटुंबांकरिता 1978 पासून खावटी कर्ज योजना राबविली गेली. कोरोनाकाळात तिला अनुदानाचे रूप देऊन प्रत्येक कुटुंबाला 2 हजार रुपये रोख व 2 हजार रुपयांच्या वस्तू देण्याचे ठरले. त्या वस्तूंत कडधान्ये, डाळी, तेल, मीठ, साखर यांचा समावेश होता. जी शिदोरी पूर्वी घरातील ढोलीत असे, ती आता शासकीय पिशवीतून येऊ लागली. मदत आवश्यकच होती. परंतु ती कधी पोहोचेल, हे कुटुंबाच्या हाती राहिले नाही.

निष्कर्ष

झटपट नूडल्सना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पूर वा टाळेबंदीत त्या उपयोगी पडतात. मात्र त्या तेलात तळलेल्या असल्याने काही महिन्यांतच खवट होऊ लागतात, शिजविण्यास पाणी व इंधन लागते आणि दरवेळी त्या विकतच घ्याव्या लागतात. त्या तुलनेत पोहे नुसते भिजवून खाता येतात आणि वाळलेली मोहफुले जंगल देते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने घरात चूल पेटणार नाही असे दिवस येतात, याची या परिसराला पुन्हा आठवण करून दिली.

वरील विवेचनावरून असे दिसते की, साठवणीचे ज्ञान असूनही साठविण्याजोगे अन्न, ते राखण्याचा हक्क आणि विकण्याची सक्ती नसणे, या तीन बाबी नसतील तर ढोली रिकामीच राहते. म्हणून आपत्ती व्यवस्थापनाच्या स्थानिक आराखड्यात स्त्रियांच्या वाळवणाचा आणि मोहासारख्या वनान्नाचा विचार व्हावा. महाविद्यालयांनीही आपल्या परिसरातील वृद्ध स्त्रियांकडून हे ज्ञान नोंदवून घ्यावे. ते सांगणारी पिढी आता झपाट्याने कमी होत आहे.