ध्वनिवर्धकांतील शांततेचा शोध

रात्रीं निजानीज झाल्यावर रेडिओवरील वक्ता आवाज उतरवून बोलूं लागला, म्हणजे त्याच्या शब्दांच्या फटींतून एक बारीक खरखर ऐकूं येते. श्रोता तिचा दोष कधीं हवामानाला देतो, कधीं केंद्राला, तर कधीं आपल्या जुन्या संचाला. हे तिन्ही आरोप पुष्कळदां खरेही असतात. परंतु ह्या खरखरीचा एक अंश असा आहे, कीं त्यास कोणाचाही अपराध कारण नाहीं. वक्त्यासमोरील मायक्रोफोनच्या तारेंतच त्याचा जन्म होतो. हा अंश ओळखण्याचा, मोजण्याचा आणि त्यांत आपल्याकडून भर न घालण्याचा जो प्रयत्न सुमारें अर्धशतक चालला, त्याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण बोधप्रदही आहे.

आरंभीचा कोळशाच्या कणांचा मायक्रोफोन जोरदार विद्युत्प्रवाह देत असे. पण ते कण सदैव कुरकुरत असत. १९१६ सालीं अमेरिकेंत ई. सी. वेंट ह्यानें पातळ धातुपटलाचा कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला. पुढें चुंबकाच्या ध्रुवांमध्यें टांगलेल्या पट्टीचा आणि हलत्या वेटोळ्याचा, असे आणखी दोन प्रकार प्रचारांत आले. आवाज निर्मळ झाला, परंतु तो क्षीणही झाला. हलत्या वेटोळ्याच्या मायक्रोफोनजवळ मनुष्य बोलला, तर त्यांतून निघणारा विद्युत्‌दाब व्होल्टाच्या एक हजारांश भागाच्या आसपास असतो. कुजबुजीचा तर त्याहूनही पुष्कळ कमी. तो ध्वनिमुद्रणास किंवा प्रक्षेपणास पुरावा, म्हणून त्याची हजारपट वाढ करावी लागते. ह्या कामाचा पहिला टप्पा म्हणजे प्री-अँप्लिफायर. त्याची अडचण अशी, कीं शब्द आणि खरखर ह्यांत त्याला भेद करतां येत नाहीं. दोहोंनाही तो सारखेंच मोठें करतो.

मग ही खरखर येते कोठून? १९१८ सालीं जर्मनींत वॉल्टर शॉट्की ह्यानें दाखवून दिलें, कीं व्हॉल्व्हमधून वाहणारा प्रवाह अखंड धारेसारखा नसून सुट्या विद्युत्कणांच्या वर्षावासारखा असतो. पत्र्यावरील पावसाप्रमाणें त्याचा नाद होणारच. दुसरें आणि अधिक मूलगामी कारण न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेंत सांपडलें. १९२७ च्या जुलैमध्यें मुंबईचें रेडिओ केंद्र सुरू झालें, त्याच सुमारास तेथें जॉन जॉन्सन हा निरनिराळ्या पदार्थांच्या रोधांतून निघणारी खरखर मोजीत होता. कोळसा असो, प्लॅटिनम असो, वा क्षाराचें पाणी असो. रोध आणि तपमान सारखें असेल, तर खरखरही सारखीच भरे. त्याचा सहकारी हॅरी नायक्विस्ट ह्यानें उष्णताशास्त्राच्या आधारें ह्याची उपपत्ति बसविली, आणि १९२८ सालीं दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले. योगायोग असा, कीं दोघेही मूळचे स्वीडनचे.

त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: उष्णतेमुळें तारेंतील विद्युत्कण अखंड थरथरत असतात, आणि ती थरथर म्हणजेच खरखर. २०० ओहम रोधाच्या मायक्रोफोनमध्यें, खोलीच्या साध्या तपमानांत, मनुष्याच्या कानास ऐकूं येणाऱ्या सर्व स्वरांचा पल्ला धरला, तर ती व्होल्टाच्या दशलक्षांश भागाचा सुमारें चौथा हिस्सा भरते. निसर्गाचा हा कर कोणत्याही कारागिरास चुकवितां येत नाहीं. आपला कर त्यावर बसवूं नये, एवढेंच त्याच्या हातीं असतें.

१९४४ सालीं हॅराल्ड फ्रिस ह्यानें आणखी एक नियम गणितानें मांडला. अनेक टप्प्यांच्या साखळींत पहिल्या टप्प्यानें पुरेशी वाढ केली असेल, तर पुढील टप्प्यांची खरखर गौण ठरते. पहिल्याची मात्र कधींच झांकत नाहीं. उगमाशींच गढूळ झालेलें पाणी घाटावर येऊन निवळत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

डिसेंबर १९४७ मध्यें बेल प्रयोगशाळेच्या न्यू जर्सी येथील शाखेंत बार्डीन व ब्रॅटन ह्यांनीं जर्मेनियमचा पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. त्यांत व्हॉल्व्हप्रमाणें तापणारी तार नव्हती, त्यामुळें तिच्यापायीं येणारा गुणगुणाटही नव्हता. आतां शांतता आलीच, असें कोणासही वाटलें असतें. घडलें उलटें. आरंभीचे ट्रान्झिस्टर चांगल्या व्हॉल्व्हपेक्षां कितीतरी अधिक खरखरत, आणि खालच्या स्वरांत तर फारच. स्फटिकाच्या उघड्या पृष्ठभागावरील दोष हें त्याचें एक मोठें कारण होतें. १९५४ सालीं सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर आला. १९५९ सालीं जाँ होर्नी ह्यानें सिलिकॉनच्याच ऑक्साइडाचें पांघरूण त्याच्या सांध्यांवर कायम ठेवण्याची युक्ति काढली, तेव्हां कोठें हा दोष आटोक्यांत आला.

तरीही रचनाकाराचें काम संपलें नव्हतें. ट्रान्झिस्टरची खरखर दोन वाटांनीं येते: एक त्याच्या अंतर्गत रोधांतून, दुसरी त्याच्या ‘बेस’ ह्या टोकांत शिरणाऱ्या विद्युत्कणांच्या वर्षावांतून. प्रवाह वाढविला, कीं पहिली कांहीं अंशीं घटते आणि दुसरी वाढते. म्हणून मायक्रोफोनचा रोध पाहून प्रवाहाचा सुवर्णमध्य साधावा लागतो. २०० ओहमांसाठीं तो अँपिअरच्या एकदोन हजारांश भागांच्या आसपास येतो. सोयीसाठीं म्हणून मायक्रोफोनच्या वाटेवर २०० ओहमांचा एक साधा रोध घातला, तर मूळ खरखरीची शक्ति दुप्पट होते. म्हणून पुष्कळांनीं आरंभीं ट्रान्सफॉर्मर घालून मायक्रोफोनचा दाब आधींच वाढविण्याचा मार्ग पत्करला. त्यानें ट्रान्झिस्टरची खरखर तुलनेनें लहान होते. पण ट्रान्सफॉर्मर जड व महाग, आणि त्याचा लोखंडी गाभा भोंवतालच्या विजेचा गुणगुणाट ओढून घेतो.

१९६४ सालीं इंग्लंडमध्यें रूपर्ट नीव्ह ह्यानें फिलिप्सच्या लंडन येथील ध्वनिमुद्रणगृहासाठीं ट्रान्झिस्टरांचें मिश्रणयंत्र बनविलें. त्याच्या १९७० च्या ‘१०७३’ ह्या प्रसिद्ध रचनेंतही ट्रान्सफॉर्मर आणि सिलिकॉन ट्रान्झिस्टर ह्यांचीच जोडी होती. पुढें अल्प रोधाचे अनेक ट्रान्झिस्टर एकत्र जोडून ट्रान्सफॉर्मरलाही रजा देण्यांत आली. चार जोडले, तर त्यांच्या अंतर्गत रोधाची खरखर निम्म्यावर येते. आज चांगला प्री-अँप्लिफायर निसर्गाच्या मर्यादेहून एकदोन डेसिबेलच वर असतो.

ह्या साऱ्या खटाटोपाचें फळ श्रोत्यास दिसत नाहीं, कारण तें ऐकूं न येण्यांतच आहे. परंतु ज्याचा आवाज मुळांतच हळू आहे, अशा वृद्ध गायकास किंवा अडखळत आठवण सांगणाऱ्या आजारी मनुष्यास आतां ओरडावें लागत नाहीं. त्याचा शब्द जसा निघाला तसा पोहोंचतो. आणि दोन शब्दांमधील त्याचा थांबाही.