कोल्हापुरांतला कॅमेरा

आज एखाद्या तरुणाच्या मनांत चित्रपट काढावयाचें आलें, तर त्याला कॅमेरा दिवसाच्या भाड्यानें मिळतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना तो आधीं स्वतः घडवावा लागला, चित्रपट मागाहून. या घडवण्यांत त्यांच्या उमेदीचीं चांगलीं वर्षें खर्चीं पडलीं आणि वाटेंत एक जिवाभावाचा सोबतीहि गेला. मराठी चित्रपटाची हकीकत सांगतांना या काळाची बोळवण बहुधा एका वाक्यांत होते. वास्तविक दिग्दर्शक घडला तो याच काळांत.

बाबूरावांचा जन्म १८९० सालचा. मूळचें आडनांव मिस्त्री. वडील कृष्णराव कारागीर, म्हणून हत्यारांशीं ओळख घरांतच झालेली. चित्रकलेच्या शाळेंत बसून शिकण्याचा योग मात्र त्यांना आला नाहीं. पाहून, करून आणि पुसून पुन्हां करून त्यांनीं ती विद्या मिळविली. त्यांच्या जोडीला बंधु आनंदराव होते. साधारण १९१० पासून पुढें या दोघांनीं संगीत नाटक मंडळ्यांसाठीं जे पडदे रंगविले, त्यांनीं त्यांचें नांव सर्वत्र केलें, इतकें कीं मिस्त्री हें आडनांव मागें पडून ‘पेंटर’ हेंच लोकांच्या तोंडीं बसलें.

पडदे रंगविणें हें कमी प्रतीचें काम असें मानणाऱ्यांनीं तें कधीं जवळून पाहिलेलें नसतें. सपाट कापडावर लांबवर जाणारा राजमार्ग दिसावयाचा, दिव्यांच्या उजेडांत महालाचे खांब गोल भासावयाचे, आणि तें सर्व शेवटच्या रांगेंतल्या प्रेक्षकालाहि पटावयाचें! प्रेक्षकाची नजर कोठें जाते आणि ती कोठें न्यावयाची, याचें शिक्षण याहून चांगलें दुसरीकडे मिळालें नसतें.

१९१३ च्या मे महिन्यांत मुंबईस दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, आणि दोघां बंधूंच्या मनानें घेतलें कीं हें आपणहि करावयाचें. कॅमेरा विकत घ्यावा तर ऐपत नव्हती. लौकरच युरोपांत महायुद्ध पेटलें आणि परदेशी यंत्रें मिळणेंहि दुरापास्त झालें. त्यांनीं मुंबईच्या जुन्या बाजारांतून चित्रपट दाखविण्याचें एक यंत्र आणलें. त्यावर खेळ करावे, चार पैसे मिळवावे, आणि त्याच यंत्राचा अभ्यास करावा, असा क्रम सुरू झाला.

हा अभ्यास कशाचा, तें थोडें सांगितलें पाहिजे. यंत्रांत फिल्म सलग धांवत नाहीं. एक चित्र भिंगासमोर येतें, क्षणभर थांबतें, आणि झांकण आड येतें तेवढ्यांत दुसरें त्याच्या जागीं सरकतें. मूकपटाच्या काळीं सेकंदाला सुमारें सोळा वेळां हें घडे. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोकें. त्यांत दांता अडकून फिल्म ओढली जाते. दांत्याच्या चालींत केसाइतकी चूक झाली, तरी पडद्यावरचा राजवाडा थरथरूं लागतो. दाखविणाऱ्या आणि टिपणाऱ्या यंत्रांची ही चाल मुळांत एकच. म्हणून एकाचें पोट उघडून दुसरें करतां येईल, हा बंधूंचा तर्क बरोबर होता. भेद एवढाच कीं, पहिल्या यंत्रांतून प्रकाश बाहेर जावयाचा असतो, तर दुसऱ्यांत भिंगाखेरीज कोणत्याहि फटींतून एक किरणहि आंत येतां कामा नये. सुताराच्या आणि लोहाराच्या हाताची खरी परीक्षा तेथें होती.

हें काम अर्धवट असतांनाच १९१६ सालीं आनंदराव वारले.

बाबूराव तेव्हां सव्वीस वर्षांचे. पडद्यांचा धंदा चांगला चालला होता; यंत्राचा नाद सोडून ते त्यांतच राहिले असते, तर कोणी नांवें ठेवलीं नसतीं. त्यांनीं नाद सोडला नाहीं. त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांचा यंत्रांत हात चांगला चाले. त्यांना हाताशीं धरून बाबूरावांनीं बंधूचें अर्धें राहिलेलें काम पुढें नेलें, आणि १९१८ सालीं चालता कॅमेरा तयार झाला.

पुढचा प्रश्न भांडवलाचा. तें दिलें तानीबाई कागलकर या गायिकेनें. चित्रपटाच्या इतिहासांत हें नांव आहे त्याहून ठळक अक्षरांत असावयास हवें. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, ‘सैरंध्री’ हें कथानक ठरलें, तों नवी अडचण आली. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटांत तारामतीचें काम पुरुषानें केलें होतें. बाबूरावांना स्त्रीच्या भूमिकेस स्त्रीच हवी होती. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पुढें आल्या. त्यापायीं त्यांच्या जातवाल्यांनीं त्यांना वाळीत टाकलें, आणि त्यांना कंपनीच्या आवारांतच आसरा घ्यावा लागला. धाडसाचा हिशेब करतांना या दोघींना वगळून चालणार नाहीं.

कथाहि साधी नव्हती. कीचकवधाच्या कथेवरील खाडिलकरांचें नाटक १९१० सालीं सरकारनें बंद केलें होतें. त्यांतल्या कीचकांत प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत असे. बाबूरावांच्या चित्रपटांतला कीचकाचा वध इतका खरा उतरला कीं तो परीक्षकांच्या कात्रींत सांपडला. पडदे रंगविणाऱ्याला ही पावतीच म्हणावयाची!

१९२० च्या फेब्रुवारींत पुण्याच्या आर्यन थिएटरांत ‘सैरंध्री’ लागला. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. तें पाहावयास आनंदराव नव्हते. त्यांना जाऊन चार वर्षें होत आलीं होतीं. लौकरच शांताराम वणकुद्रे नांवाचा एक तरुण कोल्हापुरास या कंपनींत पडेल तें काम करावयास दाखल झाला.