क्लबची खुर्ची : एका आसनाचा इतिहास आणि त्याची पारख

प्रास्ताविक

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्यासमोर दफ्तर, नाणे, ताम्रपट किंवा शिलालेख उभा राहतो. घरातील आसन हेदेखील साधन होऊ शकते, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक 'खुर्ची' हा शब्दच बोलका आहे. मूळच्या अरबी 'कुर्सी'पासून फारसीमार्गे तो मराठीत आला आणि अधिकारपद या अर्थाने इतका रुळला की 'खुर्चीचे राजकारण' म्हणताना लाकडाचे आसन कोणाच्या डोळ्यांपुढे येतही नाही. ज्या समाजाची प्रतिष्ठित बैठक गादी, लोड आणि तक्के यांची होती, त्या समाजात खुर्ची ही सोयीची वस्तू होण्याआधी मानाची वस्तू झाली.

प्रस्तुत निबंधात खुर्चीच्या एकाच प्रकाराचा विचार केला आहे. रुंद हात, खोल आणि ठेंगणी बैठक व चामड्याचे आच्छादन असलेली ही खुर्ची 'क्लब चेअर' या नावाने ओळखली जाते. जुन्या वस्तूंची आवड असणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांत अशी खुर्ची घरी आणण्याची हौस दिसते. ती निवडताना बहुधा रूप आणि किंमत पाहिली जाते. वास्तविक कागदपत्राची चिकित्सा आपण ज्या कसोट्यांनी करतो, त्याच येथेही लागू पडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लंडन ते पॅरिस

लंडनमधील सभ्य पुरुषांचे क्लब अठराव्या शतकातील चॉकलेटगृहे व कॉफीगृहे यांतून वाढले. 'व्हाइट्स'चा आरंभ १६९३ मधील अशाच एका चॉकलेटगृहातून झाला. पुढे ट्रॅव्हलर्स (१८१९), अथेनियम (१८२४) आणि रिफॉर्म (१८३६) हे क्लब निघाले. त्यांच्या भव्य वास्तूंत वाचन, धूम्रपान आणि भोजनोत्तर विश्रांती यांसाठी स्वतंत्र दालने होती. ताठ पाठीची खुर्ची तेथे अपुरी पडू लागली. नव्या गरजेला उत्तर मिळाले ते तंत्रज्ञानातून. १८२० च्या दशकात वेटोळ्या तारेच्या स्प्रिंगा आसनात बसविण्याची पेटंटे व्हिएन्ना व लंडन येथे घेतली गेली. लंडनच्या सॅम्युएल प्रॅट यांचे १८२८ चे पेटंट त्यांपैकीच. तागाच्या पट्ट्या, त्यांवर दोरीने बांधलेल्या स्प्रिंगा, त्यांवर घोड्याच्या केसांचा थर आणि सर्वांत वर चामडे, अशी रचना रूढ झाली. माणूस आसनावर बसण्याऐवजी आसनात बसू लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एका लोकप्रिय कथेचा परामर्श घेणे आवश्यक आहे. बटणांनी खोल दाबलेल्या चामडी कोचाचे जनकत्व चेस्टरफिल्डच्या चौथ्या अर्लकडे दिले जाते. हे गृहस्थ १७७३ मध्ये निवर्तले. या तऱ्हेचे गादीकाम मात्र एकोणिसाव्या शतकात बहरले. कथेला समकालीन पुरावा नाही. तरीही विक्रेते ती आवर्जून सांगतात, कारण वंशावळ जोडली की किंमत वाढते. बखरी वाचणाऱ्यास हे नवीन नाही.

आज बाजारात जिला 'क्लब चेअर' म्हणतात तिचे रूप मात्र बरेचसे फ्रेंच आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान पॅरिसमध्ये मेंढीच्या कमावलेल्या चामड्याने मढविलेल्या, गोलसर हातांच्या, कधी मिशांसारखी वळणदार पाठ असलेल्या खुर्च्या मोठ्या संख्येने बनल्या. त्याच काळात नव्या विचारांच्या वास्तुरचनाकारांनी या जड आसनाला आव्हान दिले. मार्सेल ब्रॉयर यांनी १९२५ च्या सुमारास बाउहाउसमध्ये क्लबच्या खुर्चीचे मांस काढून टाकून केवळ पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि कापडी पट्टे ठेवले. ल कॉर्ब्युझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियाँ यांनी १९२८ मध्ये उलट मार्ग धरला. त्यांनी चामड्याच्या जाड गाद्या पोलादी पिंजऱ्यात ठेवल्या.

हिंदुस्थानातील रूपांतर

कलकत्त्याचा बंगाल क्लब (१८२७) व मुंबईचा भायखळा क्लब (१८३३) या संस्था युरोपीयांनी युरोपीयांसाठी काढलेल्या होत्या. क्लबच्या खुर्चीत कोण बसणार, हा प्रश्न येथे आरामाचा नव्हता. उत्तर हिंदुस्थानात इंग्रज अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसण्याचा मान मिळालेल्या एतद्देशीयांना 'कुर्सीनशीन' असल्याचे प्रमाणपत्र दिले जाई, यावरून त्या आसनाचे राजकीय वजन कळते. मुंबईत पारशी धुरीणांनी १८८४ मध्ये रिपन क्लब स्थापन केला. फिरोजशहा मेहता हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. युरोपीय व हिंदी सभासदांना एकत्र प्रवेश देणारा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब १९१७ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने निघाला. १९३२ मध्ये प्रीतिलता वड्डेदार यांच्या नेतृत्वाखाली चितगावजवळच्या पहाडतली येथील युरोपियन क्लबवर हल्ला झाला. क्रांतिकारकांनी क्लब हेच लक्ष्य निवडले, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे. (खुद्द लंडनमध्येही दारे सावकाशच उघडली : रिफॉर्म क्लबने स्त्रियांना सभासदत्व १९८१ मध्ये दिले, अथेनियमने २००२ मध्ये, तर गॅरिक क्लबने थेट २०२४ मध्ये.)

या सामाजिक इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे तो हवामानाचा. चामडे आणि घोड्याचे केस मुंबईच्या पावसाळ्यात टिकत नाहीत; बुरशी धरते, वास येतो, आणि उकाड्यात अंगाला घाम सुटतो तो वेगळाच. त्यामुळे येथील क्लबांत आणि बंगल्यांत खरे राज्य केले ते सागवानी किंवा शिसवी चौकटीच्या, वेताच्या जाळीच्या आरामखुर्चीने. तिचे लांब हात पुढे काढून त्यांवर पाय टाकता येत. रिपन क्लबमध्ये भोजनोत्तर वामकुक्षीसाठी प्रसिद्ध झाल्या त्या याच खुर्च्या. हे इंग्रजी वस्तूचे निकृष्ट अनुकरण नव्हे. हे स्वतंत्र उत्तर आहे. याची साक्ष पिएर जानरे यांच्याच कामातून मिळते. पॅरिसमध्ये चामड्याची 'ग्रां कॉन्फॉर' रचणारा हा वास्तुरचनाकार १९५१ ते १९६५ या काळात चंडीगढला होता आणि तेथील शासकीय इमारतींसाठी त्याने सागवान व वेत हीच सामग्री स्वीकारली. या खुर्च्या पुढे कार्यालयांतून मोडीत निघाल्या, भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या आणि युरोपातील लिलावांत प्रचंड किमतीला गेल्या.

पारख

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात खुर्ची पाहताना प्रथम ती उलटी करावी. दर्शनी बाजू विक्रेत्याची असते, तळाची बाजू इतिहासाची. तळाच्या कापडाखाली तागाच्या पट्ट्या आणि दोरीने बांधलेल्या स्प्रिंगा आहेत की फोम, हे पाहावे. पॉलियुरेथेन फोम दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९२५ ची म्हणून सांगितलेल्या खुर्चीत तो आढळला तर गादीकाम तरी नंतरचे आहे. अधिक-चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आला. तो दिसल्यास खुर्ची त्यापूर्वीची नाही किंवा तिची दुरुस्ती झालेली आहे. चौकटीच्या कडेला चुकांच्या छिद्रांच्या किती ओळी आहेत, ते मोजावे. प्रत्येक ओळ एका आच्छादनाची नोंद असते. दुरुस्ती हा दोष नव्हे, ती दडविणे हा दोष.

चामड्याची परीक्षा प्राध्यापकवर्गास सोपी जावी. जुन्या ग्रंथालयात चामडी बांधणीचा ग्रंथ हाती घेतला की बोटांना तांबूस भुकटी लागते, तोच विकार वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या जुन्या आच्छादनालाही होतो. ही झीज एकदा सुरू झाली की मागे फिरत नाही. तेल चोळून ती बरी होते, हा समज चुकीचा आहे. अशी खुर्ची रोजच्या वापरासाठी घेऊ नये. उलटपक्षी, घासलेले हात आणि दबलेली बैठक यांस घाबरण्याचे कारण नाही. नव्याने रंग फासून एकसारखे चकचकीत केलेले चामडे मात्र संशयास्पद मानावे. वेताच्या खुर्चीत जाळी नवी असणे स्वाभाविकच आहे, कारण ती मुळातच पुन्हा विणण्यासाठी असते; तेथे लक्ष सांध्यांकडे आणि भुंग्याने पाडलेल्या छिद्रांकडे द्यावे. कोकणपट्टीत राहणाऱ्याने चामड्याचा मोह शक्यतो टाळून वेतच पत्करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. देशावरच्या कोरड्या हवेत निवडीला थोडा अधिक वाव आहे.

शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही; १९२० च्या दशकातील खुर्च्या आता या मर्यादेपाशी आल्या आहेत. खरेदीनंतर गादीकाम बदलणे अटळ असेल, तर कारागिराला आधी सांगून मूळ आच्छादनाचा वीतभर तुकडा, काही जुन्या चुका आणि भरावाचा नमुना राखून ठेवावा. हे सर्व कापडी पिशवीत घालून, दुरुस्तीची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह बैठकीच्या खाली चौकटीला बांधून ठेवता येते.