कॉपी स्वस्त झाली त्याची गोष्ट

मंडळी, आज थोडा आपल्याच धंद्याचा इतिहास. खरा डेटा डेव्हलपरच्या टेबलापर्यंत पोचतो कसा, आणि पूर्वी कसा पोचायचा?

जे आयटीत नाहीत त्यांच्यासाठी: बँकेचा चालू डेटाबेस म्हणजे प्रॉडक्शन. आम्ही जिथे तोडफोड करतो तो डेव्ह. डेव्हमध्ये खोटा डेटा भरून भागत का नाही? कारण खोट्या डेटातला ग्राहक 'टेस्ट वन' असतो आणि राहतो 'अबक रोड'वर. खरा ग्राहक राहतो 'दुसरा मजला, गिरणीच्या वर, विष्णूनगर पोस्टासमोर, डोंबिवली पश्चिम'. चाळीस अक्षरांच्या रकान्यात हे मावत नाही, आणि ते कळतं थेट प्रॉडक्शनमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी. म्हणून खरा डेटा हवाहवासा वाटतो.

आता मागे जाऊ. 1974 मध्ये टीसीएसला बरोज या अमेरिकन कंपनीचं काम मिळालं. हॉस्पिटलच्या हिशोबाचं पॅकेज एका कोबोलमधून दुसऱ्या कोबोलमध्ये आणायचं होतं. मुंबईत हाताशी मशीन होतं आयसीएल 1903, म्हणजे भलत्याच कंपनीचं. जिथे मशीनच दुसरं, तिथे अख्ख्या हॉस्पिटलच्या खातेवह्या आणून ओतायचा विचार कोण करणार? एका पंच कार्डावर अक्षरं मावायची 80.

1991 मध्ये एसटीपीआय आली आणि कंपन्यांना उपग्रहामार्फत परदेशी लाइन मिळू लागल्या. 64 केबीपीएस ही तेव्हा चैन होती. गणित करून बघा: 10 जीबीचा डेटाबेस त्या लाइनवरून, एकदाही न तुटता, यायला साधारण साडेचौदा दिवस! त्यापेक्षा टेप भरून कुरियर केलेली बरी. पण टेप म्हणजे कोणाची तरी सही, कोणाचा तरी खर्च. त्यामुळे माणूस हवं तेवढंच मागायचा.

2004 मध्ये ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल सुरू झाली आणि कल्याण-डोंबिवलीकरांना ठाण्याला गाडी बदलून ऐरोली गाठता येऊ लागलं. त्याच वर्षी नेटॲपने फ्लेक्सक्लोन आणलं. (दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला ही जोडी आवडते.) युक्ती साधी आहे. एकच पेपर दोन घरांत वाचायचा, शब्दकोडं सोडवायचं तेवढंच पान झेरॉक्स करायचं. मूळ ब्लॉक दोघांत सामायिक राहतात. बदल झाला की तेवढाच नवा लिहायचा. टेराबाइटची कॉपी काही सेकंदांत, आणि सुरुवातीला जागा जवळपास शून्य. 2008 मध्ये स्थापन झालेल्या डेल्फिक्सने तर डेटाबेसच्या अशा कॉप्या देण्याचाच धंदा केला.

इथे माझं मत सांगतो. कॉपी महाग होती तोवर ग्राहकाची गोपनीयता आपोआप सांभाळली जात होती. कोणी सज्जन होतं म्हणून नाही, टेप महाग होती म्हणून. एका जुन्या प्रोजेक्टवर (नाव नको) अख्खं प्रॉडक्शन दर रविवारी रात्री डेव्हवर उतरायचं. बग शोधताना आमच्याच गल्लीतली आडनावं समोर यायची, बॅलन्ससकट. त्या काकांनी एफडी बँकेत ठेवली होती, माझ्या स्क्रीनवर नाही.

'नावं मास्क केली की झालं' असं म्हणणाऱ्यांसाठी एक किस्सा. 1997 च्या सुमारास लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांची हॉस्पिटलमधली नोंद शोधून काढली. डेटात नावं नव्हतीच. होती जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड. सोबत तिने वीस डॉलरला मतदार यादी विकत घेतली. बस्स. आपल्याकडे 421201 या एका पिनकोडात माणसं पुष्कळ आहेत हे खरं, पण जन्मतारीख जोडली की यादी किती आखूड होते ते तुम्हीच बघा.

असंच उलट उदाहरण घरचं आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेचा ई-गव्हर्नन्सचा प्रयोग पुढे राज्यातल्या इतर पालिकांसाठी नमुना ठरला. त्यात गावोगावी जायला हवं होतं ते सॉफ्टवेअर. कल्याणच्या करदात्यांची यादी अंबरनाथला जायचं काही कारणच नव्हतं.

मग करायचं काय? टेपच्या काळातली कंजूषी मुद्दाम परत आणायची. अख्खं प्रॉडक्शन न घेता त्यातले हजार ग्राहक घ्यायचे, पण त्यांची खाती, व्यवहार, वारसदार सगळं जोडलेलं, नाहीतर जॉइन रिकामे येतात. एका जोशीचं प्रत्येक टेबलात एकच खोटं नाव, आणि तेही तितक्याच लांबीचं. जन्मतारीख थोडी सरकवायची. पत्ता खोटा, पण तितकाच वाकडातिकडा. हे सगळं प्रॉडक्शनच्या बाजूलाच उरकायचं, डेव्हवर आणल्यावर नाही. आता 2023 चा डेटा संरक्षण कायदाही आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना 18 महिन्यांची मुदत आहे, आणि सुरक्षेत कसूर झाली तर दंड 250 कोटींपर्यंत. टेप आणि कुरियर त्या मानाने फारच स्वस्त होते हो.